घरी वाचन, घरी गप्पा : प्रकल्प नोंदी (नागपूर, जून ते ऑक्टोबर २०२५)

२४ जून, मंगळवार

शाळा काल उघडली. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या आठवडाभर मागून भरतात, त्यामुळे जूनचा बराचसा भाग तयारीला मिळाला. यंदाचं काम ठरवून घेतलं आहे. तिसरी-चौथीतली पंधरा-सोळा मुलं, सगळी मानेवाडा-दिघोरीकडच्या वस्तीतली, आणि त्यांच्या घरी रोज संध्याकाळी थोडा वेळ वाचन.

हीच मुलं निवडली कारण त्यांना वाचता येतं असं सगळ्यांनाच वाटतं. धडा पुढ्यात ठेवला की घडाघडा वाचतात. पुस्तक मिटून "काय होतं गं यात?" विचारलं की नजर छताकडे. मागच्या वर्षी एका आईने फाटकाजवळ थांबवून सांगितलं होतं, "मॅडम, तो वाचते तं धडाधडा, पण काय वाचलं म्हणून इचारलं तं चूप बसते." तिची तक्रार अगदी खरी होती आणि तिच्यावर आमच्याकडे धड उपाय नव्हता.

ऑक्टोबरपर्यंत साधायचं ते असं: प्रत्येक मुलाने अनोळखी छोटा उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत सांगावा, आणि त्यात थेट न लिहिलेली एखादी गोष्ट ओळखावी. घरातलं एक मोठं माणूस सोबत हवं. आई, आजी, मोठी बहीण, कोणीही चालेल.

२८ जून, शनिवार

सकाळच्या शाळेनंतर मुलांना एकेक करून बसवलं. आधी 'असर'ची साधी चाचणी घेतली: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. 'असर' हे मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण, 'प्रथम' ही संस्था ते २००५ पासून करते. ते ग्रामीण भागापुरतं आहे, पण साधन शहरातल्या वर्गातही तितकंच कामाला येतं. २०२४ च्या अहवालात देशातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्के मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकली होती. माझ्या गटातली बहुतेक मुलं गोष्टीपर्यंत पोचली. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीच्या अखेरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचा वेग धरला आहे, तोही काहींनी सहज ओलांडला. कागदावर सगळं झकास.

मग मी लिहिलेला हा उतारा दिला:

"आजोबांनी वर पाहिलं. ते लगबगीने अंगणात गेले. दोरीवरचे कपडे काढले. खाटेवर वाळत घातलेल्या कुरड्या आत नेल्या. मग दारात बसून त्यांनी आजीला चहा मागितला."

प्रश्न एकच. आजोबांनी एवढी घाई का केली?

चौथीतली सर्वांत वेगाने वाचणारी मुलगी बोट परत पहिल्या ओळीवर घेऊन गेली. 'घाई' हा शब्द शोधत शेवटच्या ओळीपर्यंत आली, सापडला नाही, म्हणाली, "याच्यात दिलंच नाही मॅडम." दुसऱ्याने सांगितलं, "चहा पाहिजे होता म्हणून." चहा शेवटच्या ओळीत होता, आणि उत्तर बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतं हे तो शिकलेला आहे. एका मुलाला जोडाक्षरं अजून जड जातात. तो 'लगबगीने'वरच अडला, म्हणून उतारा मी त्याला वाचून दाखवला. वाक्य संपायच्या आत तो खिडकीकडे पाहून म्हणाला, "पाणी येऊन राह्यलं असंन."

चाचणीत तो सर्वांत खाली होता.

घरी येऊन जुनी टिपणं काढली. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र आहे: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असलं तर दुसरं कितीही मोठं असून हाती काही लागत नाही. या मुलाचा दुसरा भाग भक्कम आहे, पहिला कच्चा. त्या मुलीचं नेमकं उलटं. दोघांना एकच गृहपाठ देण्यात अर्थ नाही.

५ जुलै, शनिवार

पालक सभा. आया जास्त, दोन-तीन वडील, एक आजी. भाषण न करता फळ्यावर लिहिलं:

"एक झुमडा ढिमरात लुपत होता. त्याला तीन फटोळ झिळले."

आणि विचारलं: झुमडा कुठे लुपत होता? सगळे एका सुरात, "ढिमरात!" त्याला किती फटोळ झिळले? "तीन!" काय झिळले? "फटोळ!" पैकीच्या पैकी मार्क. मग विचारलं, झुमडा म्हणजे काय हो? वर्गात हशा पिकला. हसणं ओसरल्यावर मागे बसलेले एक ऑटोवाले दादा म्हणाले, "म्हणजे आमचे पोट्टे बी असेच उत्तर लिहून राह्यले काय?"

तेवढ्या एका वाक्याने सभेचं काम झालं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उचलून वहीत ठेवायची, एवढ्यावर मुलं दुसरी-तिसरी पार करतात. चौथीनंतर परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास सगळं वाचूनच शिकायचं असतं, आणि तिथे ती ओळ उचलून भागत नाही.

घरी काय करायचं ते थोडक्यात ठरलं. वेळ पंधरा मिनिटं, जेवणाआधी किंवा नंतर, ज्या घरी जसं जमेल. वाचण्याआधी शीर्षक आणि चित्र पाहून 'यात काय असेल' बोलायचं. मध्ये एकदा थांबून 'आता पुढे काय होईल' विचारायचं. शेवटी मुलाने सांगायचं, मोठ्याने ऐकायचं. मुलाने काहीही उत्तर दिलं तरी 'चूक' म्हणायचं नाही, "कशावरून म्हणतो?" एवढंच विचारायचं. उत्तर बरोबर असलं तरी तोच प्रश्न.

आणि मूल घरी बोलतं त्याच बोलीत उत्तर देणार. आमच्या वस्तीत वऱ्हाडी वळणाची मराठी आहे, हिंदी आहे, एक-दोन घरी छत्तीसगढी. अर्थ कळला आहे की नाही हे पाहताना 'मले' की 'मला' यात अडकायचं नाही. प्रमाण मराठी शाळेत शिकवायची जबाबदारी माझी, हे मी स्पष्ट सांगितलं.

सभा संपल्यावर एक आई मागे थांबली. "मले वाचता येत नाही मॅडम. मी काय करू त्याले?" मी म्हटलं, "तुम्ही फक्त विचारा. शनिवारी मी घरी येते."

१० जुलै, गुरुवार

साहित्य जमवलं. मोबाइलवर पाठवायचा विचार सोडून दिला, कारण घरातला एकुलता मोबाइल बाबांबरोबर रात्री नऊला घरी येतो. कागदच बरा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट उतरवून छापता येतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे जुने अंक आहेत, १९७१ पासूनचे. चौथीच्या मुलांसाठी त्यातली छोटी माहितीपर पानं काढली. काही उतारे मीच लिहिले, पाच ते आठ वाक्यांचे, मोठ्या अक्षरात.

१९ जुलै, शनिवार

आज दोन घरं. तपशीलवार लिहून ठेवते.

पहिलं घर सभेनंतर मागे थांबलेल्या आईचं. ती चार घरी स्वयंपाकाला जाते, संध्याकाळी स्वतःच्या घरी पोळ्या लाटताना मुलगा तिच्याजवळ ओट्याखाली बसून वाचतो. 'चहा पाहिजे होता म्हणून' असं उत्तर देणारा तो हाच. गोष्ट छोटी: बहिणीच्या हातून माठ फुटतो, भाऊ इकडेतिकडे पाहतो आणि खापरं गोळा करून गोठ्यामागे टाकून येतो. मुलाने सपाट सुरात वाचून टाकली.

आईने लाटणं न थांबवता विचारलं, "काऊन टाकले त्यानं गोठ्यामागं?"

"माहीत नाही."

"तुह्या हातून कप फुटला होता तवा तू काय केलं होतं?"

तो माझ्याकडे पाहून लाजला. "पलंगाखाली सरकवला होता."

"काऊन?"

"तू मारशीन म्हणून."

"मंग?"

जरा वेळ गेला. "त्याच्या बहिणीले मार बसंन असं वाटलं असंन त्याले."

"कुठं लिवलं हाये तसं?"

"लिवलं नाही. पण तो इकडंतिकडं पाहून राह्यला होता नं. आपण कोणी पाहते का म्हणून पाहतो तसं."

मी एक शब्दही बोलले नाही, गरजच नव्हती. प्रशिक्षणात आम्हाला सांगतात, मजकुराचा संबंध मुलाच्या अनुभवाशी जोडा आणि उत्तराला मजकुरातला आधार मागा. या बाईने दोन्ही केलं, पोळी करपू न देता. तिला वाचता येत नाही हे या कामात आड आलं नाही. उलट तिला खरंच ठाऊक नव्हतं गोष्टीत काय आहे, म्हणून तिचे प्रश्न खरे होते. परीक्षा घेणाऱ्या माणसाचे प्रश्न मुलं लगेच ओळखतात. त्यांना माहीत असतं, समोरच्याला उत्तर आधीच ठाऊक आहे.

दुसरं घर पदवीधर वडिलांचं, त्या वेगाने वाचणाऱ्या मुलीचं. बाजारातून उताऱ्यांचं गाइड आणलेलं, रोज त्यातले उतारे सोडवून घेतात. मुलीला शिकवणीही आहे. कळकळ शंभर टक्के, त्याबद्दल दुमत नाही. पण वही पाहिली तर प्रत्येक उत्तर उताऱ्यातल्या ओळीची नक्कल. मी सुचवलं की उताऱ्याखालचे प्रश्न कागदाने झाकायचे आणि मुलीने प्रश्न काढायचे, वडिलांना. वडिलांनी उत्तर दिलं की तिने विचारायचं, "कशावरून?"

वडिलांना ते पोरकट वाटलं असावं. त्यांना पॅलिंक्सर आणि ब्राउन यांच्या १९८४ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं: मुलांनी आळीपाळीने शिक्षकाची जागा घ्यायची, अंदाज करायचा, प्रश्न काढायचा, न समजलेलं उलगडायचं, सारांश सांगायचा. वाचून न समजणाऱ्या मुलांना त्याचा स्पष्ट फायदा झाला होता. मुलगी मात्र ऐकताक्षणी खूश. तिचा पहिला प्रश्न 'कोण', दुसरा 'कुठे', तिसराही 'कुठे'. 'का' यायला वेळ लागेल.

२ ऑगस्ट, शनिवार

भरती-ओहोटीवरचा माहितीपर उतारा दिला होता. जवळजवळ सगळ्या घरी गाडं अडलं. शब्द वाचता आले, वाक्यंही सोपी होती. पण नागपुरातल्या या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, मुंबई आठशे किलोमीटरवर. पाणी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अंबाझरी आणि फुटाळा. तळ्याचं पाणी पावसाने वाढतं आणि उन्हाळ्यात आटतं. ते रोज दोनदा आत-बाहेर कशाला करेल? एकीने लिहिलं, "समुद्रात रोज पाऊस पडतो म्हणून भरती येते." तिच्याजवळ असलेल्या माहितीतून काढलेला हा अगदी सरळ निष्कर्ष आहे. विचार केल्याशिवाय असं उत्तर येत नाही.

आज वर्गात चंद्राच्या ओढीबद्दल बोललो, मोबाइलवर एकाच किनाऱ्याची सकाळची आणि दुपारची छायाचित्रं पाहिली, आणि तोच उतारा पुन्हा घरी पाठवला. पालकांना निरोप: उतारा अनोळखी विषयाचा असेल तर आधी त्या विषयावर बोला, मग वाचायला द्या. तुम्हालाही माहीत नसेल तर चिठ्ठी पाठवा, मी सांगेन.

२४ ऑगस्ट, रविवार

परवा पोळा, काल तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, आणि मारबत, म्हणजे ईडा पीडा घालवायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक. ही संधी सोडायची नव्हती, म्हणून आठवड्याआधीच मारबतीवर उतारा लिहून ठेवला होता. मुद्दाम अवघड: लांब वाक्यं, जोडाक्षरं, 'मिरवणूक', 'दुष्प्रवृत्ती', 'प्रतीक' असे शब्द. १८८० च्या दशकापासून निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतींची माहिती, बडग्यांची (मिरवणुकीतल्या इतर पुतळ्यांची) आणि शेवटच्या दहनाची.

आज वस्तीतल्या समाजमंदिरात मुलं जमली, काहींच्या हातात अजून लाकडी बैल. बोजाऱ्याचे, म्हणजे तान्ह्या पोळ्याला घरोघरी मिळालेले, पैसे मोजणं चालूच होतं. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला उतारा द्यायला मी जरा बिचकत होते. त्याने 'दुष्प्रवृत्ती' तीनदा तोडून वाचला, थांबला, आणि म्हणाला, "ईडा पीडा ते?" मी मान हलवली. उरलेला उतारा त्याने मागच्या कोणत्याही उताऱ्यापेक्षा नीट वाचला, कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक होतं. काका त्याला दरवर्षी खांद्यावर बसवून इतवारीत मिरवणूक दाखवायला नेतात. बडग्या कोणाचा करतात आणि का, हे उताऱ्यात नव्हतं. ते त्यानेच आम्हाला सांगितलं: लोकांना ज्याचा राग येतो त्याचा करतात, महागाईचा करतात, रोगाचा करतात.

एकच मूल एका उताऱ्यात 'कच्चं' आणि दुसऱ्यात 'पक्कं' कसं ठरतं, ते या तीन आठवड्यांत मला समोर दिसलं. १९८८ चा रेक्ट आणि लेस्ली यांचा बेसबॉलचा प्रयोग आम्ही शिकलो होतो: खेळाची माहिती असलेली पण वाचनात मागे पडलेली मुलं, खेळ न कळणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा तो मजकूर जास्त समजली. माझ्या मते घरच्या सरावात उताऱ्यांच्या संख्येपेक्षा बाजारात, बसमध्ये, जत्रेत मुलाशी होणारं बोलणं जास्त मोलाचं आहे. हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण त्याची वही तयार होत नाही आणि म्हणून तो अभ्यास वाटत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

उलगडून वाचण्यात अडणाऱ्या मुलांसाठी वेगळा कार्यक्रम: एकच छोटा उतारा आठवडाभर. पहिल्या दिवशी मोठी बहीण वाचते आणि मूल बोट फिरवतं, मग दोघं एकत्र, मग एकट्याने. गप्पांसाठी मात्र त्यांना त्यांच्या वयाच्या मोठ्या गोष्टी वाचून दाखवायच्या. नाहीतर वाचन हळू म्हणून विचारही पहिलीच्या गोष्टींवरच अडकतो.

एक मुलगी ओळी गाळते, कागद डोळ्यांशी नेते. आजीला सांगून डोळे तपासून आणले, चष्म्याचा नंबर निघाला. आकलनाची शंका घेण्याआधी हे पाहिलंच पाहिजे, ऐकण्याचंही.

२० सप्टेंबर, शनिवार

घरातले कागद वाचायचा आठवडा. वीजबिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना, 'आपली बस' या शहर बसच्या पाट्या, रेशन दुकानाचा फलक. सगळ्यांत रंगली ती लग्नपत्रिका. उन्हाळ्यातल्या पत्रिका प्रत्येक घरी कपाटावर पडलेल्या असतात. 'चि.' कोण आणि 'चि. सौ. कां.' कोण, पत्रिका मुलाकडची की मुलीकडची, ते कशावरून, मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटांचा आणि लग्न काटोलला तर आपल्या घरून किती वाजता निघावं लागेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पत्रिकेत कुठेच छापलेलं नसतं. एका घरी आजी-आजोबांत यावरून चांगलीच जुंपली, आणि नातीने पत्रिकेतला 'हळद आदल्या दिवशी सायंकाळी' हा मजकूर दाखवून आजीच्या बाजूने निकाल दिला: आदल्या दिवशीच जायचं.

ऑटोवाल्या दादांनी बिल वाचून घेतलं. मुलाने मागच्या महिन्याशी युनिट ताडून विचारलं, "या महिन्यात कमी काऊन झाले?" मग दोघांनी मिळून कारण शोधलं: कूलर बंद.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्यानंतरची तपासणी. नवा उतारा:

"बाबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मोठी पिशवी दारात तयार होती. फाटकाजवळ कुत्रं भुंकलं, तशी ताई धावत बाहेर गेली. आईने पोह्यांची कढई गॅसवर चढवली."

प्रश्न: या घरात काय चाललं आहे?

वेगाने वाचणाऱ्या मुलीने या वेळी बोट फिरवलं नाही. म्हणाली, "पाहुणे येऊन राह्यले. कुत्रं भुंकलं, अन् पोहे टाकले." माठवाल्या आईच्या मुलाला ते पटलं नाही. "मंग पिशवी काऊन तयार हाये? ते गावाले चालले. ऑटो आला म्हणून ताई पाहाले गेली." ती म्हणाली, "गावाले जाताना कोणी पोहे करते का?" तो म्हणाला, "आमच्या घरी करते. गाडीत खायले." बाकीची मुलं दोन बाजूंना वाटली गेली. मी निकाल दिला नाही. उताऱ्यात दोन्हीला जागा आहे, आणि दोघेही ओळीवर बोट ठेवून भांडत होते.

गटातली बहुतेक मुलं आता स्वतःच्या शब्दांत सांगतात आणि 'का'ला आधार देतात. जोडाक्षरवाल्या मुलाचा वेग वाढला आहे, तिसरीच्या मिनिटाला ६० शब्दांच्या अपेक्षेला तो अजून पोचलेला नाही. दोन मुलांमध्ये फरक दिसला नाही. एकाच्या घरी दोघंही रात्रपाळी करतात, संध्याकाळी मोठं माणूसच नसतं. दुसऱ्याचं कुटुंब मधले दीड महिने गावी होतं. या दोघांसाठी शेजारच्या घराची सोय लावायला हवी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीच्या सुट्टीचं पाकीट वाटलं. त्यात तीन गोष्टी, 'किशोर'मधलं एक पान, आणि चकलीची कृती, वाक्यं उलटसुलट लावलेली. ती क्रमाने लावून आईला वाचून दाखवायची आणि आईने तशीच्या तशी करून पाहायची. कोरे कागद वेगळे दिले आहेत. मुलांनी स्वतः एक उतारा लिहायचा, त्यात एक गोष्ट लपवायची आणि घरच्यांना ओळखायला लावायची.

रात्रपाळीवाल्या घराच्या मुलासाठी माठाच्या गोष्टीतली आई तयार झाली आहे. "एकाले इचारते तं दोघाले इचारीन," म्हणाली. तिने स्वतःसाठी मुळाक्षरांचं पुस्तकही मागितलं. सुट्टीनंतर तिच्याबरोबर आणखी कोण बसेल याची यादी माता गटाकडे दिली आहे. दुपारी दोन ते तीन ही वेळ सगळ्यांना जमते आहे.